वलंदेज जगभर गेले, मग दिसत का नाहीत?

मेलबर्नहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. शेजारी एक ‘डच’, म्हणजे जुन्या मराठीत वलंदेज, आजी राहतात, वय सत्त्याऐंशी. इतकी वर्षं त्या इंग्रजीच बोलत होत्या. दोन वर्षांपासून विस्मरण वाढलं आणि आता त्या दुसरीच भाषा बोलतात. मुलीला त्यातलं काही कळत नाही, कारण ती घरात कधी बोललीच गेली नाही. केळं हवं असलं की आजी ‘पिसांग’ म्हणतात आणि जेवण पुरे झालं की हात हलवून ‘सुदा, सुदा’. प्रश्नकर्त्याला दोन गोष्टी हव्या आहेत. एवढ्याशा देशातले लोक केप टाउन, न्यू यॉर्क, मिशिगन, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया असे सगळीकडे कसे पसरले? आणि पसरले तर त्यांची भाषा इंग्रजी-पोर्तुगीजसारखी मागे का उरली नाही? शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘हे लोक मुळातच फिरस्ते असावेत.’

पिसांगकडे मी येणार आहे, पण शेवटी. तिथे पोचायला थोडा वळसा लागेल.

आधी मी कोण ते सांगते. मी लायडनला राहते, मूळची पुण्याची. पुण्यात मोडी शिकले आणि इथे आल्यावर सतराव्या-अठराव्या शतकातलं डच हस्ताक्षर. हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात बसून लोकांच्या खापरपणजोबांचे कागद शोधायचे आणि वाचून द्यायचे, हे माझं अठरा वर्षांचं पोटापाण्याचं काम. सुरुवात वेंगुर्ल्यापासून झाली. तिथल्या डच वखारीतून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. त्यातली काही पत्रं एका अभ्यासकाला हवी होती. मला मोडी येतं म्हटल्यावर जुनं डचही येत असणार असं त्यांनी धरून चाललं. येत नव्हतं. सहा महिने गेले, तेव्हा कुठे एक पान अडखळत वाचता आलं.

आता ‘फिरस्ते’ या शब्दाबद्दल. हेच गृहीतक माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं घेऊन येतात, आणि ते जवळजवळ उलटं आहे. सतराव्या शतकातलं हॉलंड हा लोक सोडून जाण्याचा देश नव्हता, येऊन राहण्याचा होता. पैसा तिथे होता, काम तिथे होतं. जर्मन संस्थानांतून, नॉर्वेतून, फ्रान्समधून माणसं आम्स्टरडॅमला येत. ज्याला घरी बरं चाललंय त्याने सहा-आठ महिने जहाजात सडत पूर्वेला का जावं? म्हणून मग जात ते कोण, हा खरा प्रश्न.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि १७९९ च्या अखेरीस बुडाली. या दोनशे वर्षांत तिच्या जहाजांतून सुमारे दहा लाख माणसं आशियाकडे गेली. परत आली ती साधारण एक तृतीयांश. बाकीची वाटेत मेली, बटाव्हियाच्या तापाने मेली, काही थोडी तिकडेच राहिली. आणि त्या दहा लाखांत डच किती? अठराव्या शतकात पाहिलं तर निम्म्याच्या आसपास माणसं परदेशी, त्यातही जर्मन जास्त. सैनिकांमध्ये तर डच माणूस शोधावा लागतो.

हे मला कशावरून कळतं ते दाखवते, कारण कागद मोठा बोलका आहे. कंपनीच्या प्रत्येक जहाजाची एक पगारवही असे. प्रत्येक माणसाला एक जोडपान. वर नाव, गाव, हुद्दा. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, आपल्या कीर्द-खतावणीसारखंच. डावीकडचे पहिले आकडे जवळपास सगळीकडे तेच: दोन महिन्यांचा आगाऊ पगार, सामानाच्या पेटीचे पैसे आणि एक कर्जरोखा, बहुतेक वेळा १५० गिल्डरचा. साध्या सैनिकाचा पगार महिन्याला ९ गिल्डर. म्हणजे गडी जहाजावर चढायच्या आधीच सोळा-सतरा महिन्यांच्या पगाराइतका बुडालेला. हा रोखा कुणाच्या नावाने? बंदरात त्याला ठेवून घेणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या आणि भरतीच्या दिवशी कंपनीच्या दारात नेऊन उभं करणाऱ्या माणसाच्या. त्याला डचमध्ये ‘झीलफरकोपर’ म्हणत, म्हणजे आत्मे विकणारा. मूळ शब्द रोख्यावरून आलेला होता, लोकांनी उच्चार थोडा वाकवून आत्मा केला. लोकांना काय दिसत होतं ते त्यातून समजतं.

पानाच्या शेवटी एक ओळ असते, नोकरी कशी संपली त्याची. ‘परतला’ किंवा ‘मयत’. मी अशी हजारो पानं उलटली असतील, आणि दुसरा शब्द इतक्या वेळा येतो की डोळा त्यावरून घसरायला लागतो. घसरू नये म्हणून मी गावाचं नाव मोठ्याने वाचते.

गावाच्या नावावरून माझी एकदा चांगलीच फजिती झाली. एका कुटुंबाला खात्री होती की त्यांचा पूर्वज, ‘बेर्गेनचा यान यान्सझोन’, अस्सल डच. नेदरलँड्सच्या दक्षिणेला बेर्गेन ओप झोम नावाचं गाव आहे. मी तीन आठवडे तिथली बाप्तिस्म्याची पुस्तकं धुंडाळली. यान यान्सझोन म्हणजे आपल्याकडचा ‘रामा रामाचा’, मुलगाही यान आणि बापही यान, त्यामुळे नावाचा उपयोग शून्य. शेवटी एका दुसऱ्या कागदात त्याच्या भावाचा पत्ता सापडला: बेर्गेन, पण नॉर्वेतलं. ‘डच’ पूर्वज नॉर्वेजियन निघाला. त्या घरातल्या आजोबांनी माझी फी दिली, पण नाराजीने.

तर पहिली गोष्ट ही की ‘डच’ म्हणजे त्या काळी एका मालकाचे नोकर. आपल्या लोकांनी त्यांना तसंच ओळखलं होतं. आज्ञापत्र या जुन्या मराठी राजनीतीच्या ग्रंथात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) असे सगळे टोपीकर एका ओळीत बसवले आहेत: व्यापारी म्हणून येतात पण जमिनीवर डोळा असतो. वलंदेजांचा डोळा मात्र जमिनीपेक्षा पोर्तुगीजांवर जास्त होता. वेंगुर्ल्याची वखार १६३७ च्या सुमारास उभी राहिली ती गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना आधार म्हणून. आज तिचे अवशेष झाडोऱ्यात उभे आहेत. भोवती डच वस्ती कधी झाली नाही, व्हायची गरजही नव्हती. माणसं कराराने आली, करार संपला की गेली. वखार आणि वसाहत यांतला फरक मनात ठेवला की पुढचं सोपं होतं.

मग बटाव्हियात काय झालं? तिथे तर शहरच वसवलं होतं, कालवे खणून, आम्स्टरडॅमसारखं. तरीही तिथल्या घरांत डच बोलली जात नव्हती. कंपनीने सुरुवातीला थोड्या बायका-मुली हॉलंडहून पाठवून पाहिल्या, पण खर्च फार आणि उपयोग कमी म्हणून नाद सोडला. मग पुरुषांनी आशियाई आणि मिश्र वंशाच्या बायका केल्या. अशा बायकोला घेऊन मायदेशी परतायला कंपनीची मनाई होती. बाप कचेरीत, आई आणि आया घरात. मुलं बोलायची ती आईची आणि आयेची भाषा, म्हणजे मोडकी पोर्तुगीज आणि पुढे मलय. गव्हर्नरचा पोरगा असला तरी हेच. ज्या पोर्तुगीजांना हाकलून डचांनी बंदरं घेतली, त्यांचीच भाषा डचांच्या स्वयंपाकघरात दीडशे वर्षं नांदली!

म्हणून कुणी मला ‘आमचे पूर्वज अमुक ठिकाणी गेले’ असं सांगितलं की जहाज कुठे गेलं याहून मला दोनच गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. बरोबर कोण होतं? आणि परत यायचं ठरवून गेले होते की नव्हते?

केपचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचं, उदाहरण घ्या. १६५२ च्या एप्रिलमध्ये यान व्हान रीबेक तिथे उतरला तो वसाहत करायला नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना भाजीपाला, मांस आणि पाणी पुरवण्याचा तळ हवा होता इतकंच. पण भाजी पिकवायला माळी लागतात आणि पगारी माळी महाग पडत होते. १६५७ मध्ये कंपनीने नऊ जणांना नोकरीतून मोकळं करून लीसबेक नदीकाठी जमिनी दिल्या. इथे फरक पडला. जमीन मिळाली, मग बायका आल्या, घरं झाली. १६८८ पासून फ्रान्समधून पळालेले प्रॉटेस्टंट आले, दीडशे-दोनशे माणसं, आणि कंपनीने त्यांना मुद्दाम डच शेतकऱ्यांमध्ये विखरून बसवलं. दोन पिढ्यांत त्यांची फ्रेंच संपली. जर्मन तर येतच होते. परत जायचं कुणाच्या मनात उरलं नाही. १७०७ मध्ये स्टेलेनबोशला एका दारू प्यालेल्या पोराने अधिकाऱ्याला ओरडून सांगितलं की मी आफ्रिकन आहे, ते न्यायालयाच्या कागदात नोंदलं गेलंय.

तिथे भाषा टिकली, पण तिचं रूप ज्यांच्या तोंडी घडलं ते सगळे गोरे नव्हते. बंगाल, मलबार, कोरोमंडल, जावा, मादागास्करहून आणलेले गुलाम आणि तिथले मूळ खोईखोई, यांच्या तोंडी डच झिजून आफ्रिकान्स झाली. केपच्या मदरशांत ती अरबी लिपीत लिहिली जात होती, गोऱ्यांनी तिला ‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून नाक मुरडण्याच्या काळात. १९२५ मध्ये ती सरकारी भाषा झाली आणि पुढे वर्णद्वेषी राजवटीने तिला आपली मिरासदारी करून टाकलं. आज मात्र ती घरी बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरच जास्त आहेत.

न्यू यॉर्कवर लांबण लावत नाही, ते सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं. १६२४ मध्ये पहिली तीसेक कुटुंबं आली, त्यातली बरीचशी आजच्या बेल्जियमच्या भागातली फ्रेंच बोलणारी. १६६४ मध्ये इंग्रजांनी ते न लढताच घेतलं, तेव्हा सगळ्या वसाहतीत मिळून नऊ हजारांच्या आसपास माणसं. ब्रुकलिन आणि हार्लेम ही दोन्ही मुळात नेदरलँड्समधल्या गावांची नावं. गंमत अशी की राज्य गेल्यावरही हडसन नदीकाठच्या शेतांवर डच दीडशे वर्षं टिकली. आठवा अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन घरी डच बोलत वाढला. इंग्रजी मातृभाषा नसलेला अमेरिकेचा तो एकमेव अध्यक्ष. आणि त्याच मुलखात गुलामीत जन्मलेली सोजर्नर ट्रुथ, जिने पुढे गुलामीविरुद्ध इंग्रजीत भाषणं केली, तिचीही पहिली भाषा डच. एक अध्यक्ष, एक गुलाम, दोघंही ‘डचभाषक’.

इथपर्यंतचा हिशेब असा: पुरुष कराराने गेले तिथे भाषा मुलांपर्यंत पोचली नाही. कुटुंबं जमिनीवर बसली तिथे राजा बदलला तरी ती शंभर-दीडशे वर्षं चालली. हा काही नियम नव्हे. सिलोनमध्ये डचांच्या वंशजांनी चर्च जपलं, आडनावं जपली, १९०७ मध्ये स्वतःची संघटना काढली, पण भाषा तोवर कधीच इंग्रजी झाली होती. त्यातले पुष्कळ १९५६ च्या सिंहली भाषा कायद्यानंतर तुमच्याच मेलबर्नला आले. तेव्हा तुमच्या गल्लीत ‘डच’ म्हणवणारं एखादं घर मूळचं कोलंबोचंही असू शकतं.

आता एकोणिसावं शतक. आयर्लंड, नॉर्वे, जर्मनी इथून लोंढेच्या लोंढे अमेरिकेला जात होते तेव्हा डच त्या मानाने घरीच बसले. जे गेले ते ठरावीक खेड्यांतून, आणि एकेकटे नाही. १८३४ मध्ये सरकारी आश्रयाच्या रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनपंथी प्रॉटेस्टंट, चर्चमधून काही कडव्या मंडळींनी फारकत घेतली. वीसपेक्षा जास्त जणांनी परवानगीवाचून प्रार्थनेला जमायचं नाही, असा नेपोलियनच्या काळातला नियम त्यांच्यावर लावला गेला. दंड झाले, पाद्री तुरुंगात गेले. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला. बटाटा म्हणजे गरिबाचं जेवण. पाद्री अल्बर्टस व्हान राल्टे १८४६ च्या शरदात आपली माणसं घेऊन निघाला आणि १८४७ च्या फेब्रुवारीत मिशिगनच्या जंगलात पोचला. गावाचं नाव हॉलंड. हेन्ड्रिक स्कोल्टे त्याच वर्षी सातआठशे माणसं घेऊन आयोवात गेला, त्याने गावाला नाव दिलं पेला. बायबलकालीन ख्रिस्ती लोकांनी जिथे आसरा घेतला ते पेला. आपल्याकडे धरणात गाव उठतं तेव्हा देवळासकट उठून नव्या जागी बसतं ना, तसं हे: पाद्री, सुतार, सुईण, सगळं बरोबर.

या काळाचे कागद वाचायला मला सगळ्यांत आवडतात. १८४७ पासून सरकारने देश सोडणाऱ्यांच्या याद्या ठेवायला लावल्या. नाव, वय, धंदा, धर्म, मग ऐपत: सुखवस्तू, बेताची की गरीब. आणि शेवटच्या रकान्यात जाण्याचं कारण. कारकुनाने पानभर तेच लिहिलेलं असतं, ‘परिस्थिती सुधारण्यासाठी’, आणि खाली ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’. मध्येच एखादा ‘धर्माच्या कारणाने’. दोन्ही कारणं खरी असणार. पण कारकुनाच्या टेबलासमोर उभं राहून सरकारच्या छळामुळे जातोय असं किती जण म्हणतील?

या गावांत डच दोन-तीन पिढ्या चालली, कारण प्रवचन डचमध्ये होतं. मग पहिलं महायुद्ध आलं. १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढलं की शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक जागी, अगदी फोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. रोख जर्मनवर होता, सुक्याबरोबर ओलंही जळलं. पुढे प्रवचन इंग्रजीत गेलं आणि भाषा आजीआजोबांबरोबर संपली. उरलं काय तर ट्युलिपचा उत्सव, लाकडी बूट आणि चर्चची कॉलेजं.

आता तुमच्या आजींचा काळ, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावरचा. इथेच डच लोक खऱ्या अर्थाने देश सोडून गेले. १९४६ पासून पुढच्या वीस-बावीस वर्षांत पाच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, तेव्हा देशाची लोकसंख्या होती एक कोटी. १९४८ च्या एका पाहणीत जवळपास प्रत्येक तिसरा माणूस जायला तयार असल्याचं सांगत होता. युद्धाने घरं पाडलेली, इंडोनेशिया हातचा गेलेला, शेतकऱ्याला पाच मुलगे आणि जमीन एकालाच पुरेल एवढी. विदर्भाच्या निम्म्याहून लहान देश, त्यात सरकारनेच हाय खाल्ली की माणसं जास्त झाली. १ जानेवारी १९५० ला पंतप्रधान व्हिलेम ड्रेस यांनी रेडिओवरून सांगितलं की आपल्यातल्या काहींनी मोठ्या प्रदेशांत भविष्य शोधण्याचं धाडस केलं पाहिजे. स्वतःच्या नागरिकांना ‘जा बाबांनो’ म्हणणारं सरकार! प्रवासखर्चाला मदत मिळे, जाण्याआधी इंग्रजीचे वर्ग असत. कॅथलिकांची वेगळी संस्था, कॅल्विनपंथीयांची वेगळी, बाकीच्यांची वेगळी. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पैसे बाहेर नेण्यावर मर्यादा होती, म्हणून लोक सामान भरून न्यायचे, पलंगापासून सायकलीपर्यंत, खोलीएवढ्या लाकडी खोक्यात. पोचल्यावर त्याच खोक्याच्या फळ्यांची कोंबड्यांची खुराडी, नाहीतर पहिली पडवी.

सोबत कुटुंब होतं, परतायचं नव्हतं. मग माझ्या मघाच्या हिशेबाने भाषा टिकायला हवी होती. टिकली नाही. उलट ऑस्ट्रेलियात ज्या ज्या समाजांची मोजणी झाली, त्यात स्वतःची भाषा सर्वांत झपाट्याने सोडणारे म्हणून डचांचंच नाव घेतलं जातं, तेही पहिल्याच पिढीत. का? या वेळी चर्चसकट गाव उठलं नव्हतं, एकेक घर उठलं होतं. ऑस्ट्रेलियाला हवे होते विरघळून जाणारे गोरे, आणि निघण्याआधी इथल्या अधिकाऱ्यांनीही तेच शिकवलं होतं: मिसळून जा, एकत्र राहू नका. योहानेसचा जॉन झाला, व्हिल्हेल्मिनाची विल्मा. शाळेतून निरोप यायचा, घरीही इंग्रजी बोला. जिथे कॅल्विनपंथीयांनी आपलं चर्च आणि शाळा काढली, कॅनडातल्या ऑन्टारिओत किंवा टास्मानियात किंग्स्टनजवळच्या ‘लिटल ग्रोनिंगेन’मध्ये, तिथे समाज म्हणून ते आजही दिसतात. बाकीचे शेजाऱ्यापासून वेगळे ओळखू येत नाहीत. आणि म्हातारपणी, विस्मरण वाढलं की उशिरा शिकलेली भाषा आधी जाते. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांना डच म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा अनुभव आहे. साठ वर्षांची इंग्रजी निघून जाते आणि खाली जी होती ती वर येते.

आता तुमच्या आजींच्या खाली काय होतं, ते पाहू.

पिसांग म्हणजे केळं, पण मलयमध्ये. डचमध्ये केळ्याला ‘बनान’ म्हणतात. आणि ‘सुदा’ म्हणजे मलय ‘सुदाह’: झालं, बस्स. ही हॉलंडच्या खेड्यातल्या पोरीची भाषा नव्हे. माझा अंदाज असा की आजी पासपोर्टने डच असल्या तरी जन्माने जावा-सुमात्राच्या असाव्यात.

अंदाजच म्हणते, कारण हातात कागद नाही. डच भाषेत मलय शब्द पुष्कळ मुरलेत. डोक्याला घोर लावून बसण्याला इथे ‘पीकरेन’ म्हणतात, तो मलय ‘पिकिर’वरून, तो अरबी ‘फिक्र’वरून, म्हणजे आपली फिकीरच. पण जेवणाच्या टेबलावर, भान हरपलेलं असताना, केळ्याला पिसांग? तो शब्द बहुधा आयेने शिकवलेला.

१९४२ मध्ये जपानने बेटं घेतली तेव्हा तिथे ‘युरोपियन’ म्हणून नोंदलेले तीन लाखांच्या घरात होते आणि त्यातले बहुसंख्य मिश्र वंशाचे, ज्यांना इंडो म्हणतात. म्हणजे ज्या बायकांना कंपनीने हॉलंडला येऊ दिलं नाही, त्यांची पणतवंडं. युद्ध, मग इंडोनेशियाचा स्वातंत्र्यलढा, २७ डिसेंबर १९४९ ला सत्तांतर, १९५७ मध्ये उरल्यासुरल्यांची हकालपट्टी. तीनेक लाख माणसं हॉलंडला ‘परत’ आली. अवतरणचिन्ह मुद्दाम घातलंय, कारण त्यातल्या बहुतेकांनी हॉलंड कधी पाहिलेलं नव्हतं. थंडी, रेशनचा कोट, एका खोलीत अख्खं कुटुंब, आणि बटाटे. काहींनी तिथूनही पुढचं जहाज पकडलं. अमेरिकेने १९५८ नंतर खास कायदा करून हजारोंना घेतलं. गिटारवाला एडी व्हॅन हेलन अशाच घरातला, त्याची आई जावाची. ऑस्ट्रेलियाचं धोरण गोऱ्यांपुरतं होतं, सावळ्या इंडोंचे अर्ज कातडी पाहून फेटाळले जात, उजळ दिसणारे सुटत. आजी या वाटेने आल्या असतील, किंवा जावात वाढलेल्या संपूर्ण गोऱ्या घरातल्याही असतील. दोन्ही शक्य आहे.

मुलीला सांगा, आईचे नागरिकत्वाचे कागद काढ आणि जन्मस्थळाचा रकाना बघ. तिथे Soerabaja-Bandoeng असल्या गावांची नावं ‘ओ-ई’ घालून जुन्या डच पद्धतीने लिहिलेली असतील, म्हणून नकाशात चटकन सापडणार नाहीत. बॉनेगिलाच्या स्वागतछावणीतून आल्या असतील तर त्यांचं कार्ड ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात मिळू शकेल. जहाजाचं नाव आणि साल कळलं की पुढचं मी बघते. एक गोष्ट मात्र जपून. त्या वयाची मुलं जपानी छावण्यांत किंवा त्यानंतरच्या धुमश्चक्रीत होती. बंद दार, रांग, मोठ्याने हजेरी, याने त्या घाबरत असतील तर कारण तिथे असू शकतं. प्रश्न विचारून खणू नका. वृद्धाश्रमाचा विचार चालू असेल तर तिथल्या लोकांना हे आधी सांगून ठेवा.

आणि तुम्ही स्वतः एक करून बघा. पुढच्या वेळी गेलात की शेजारी बसून विचारा, ‘सुदा माकान?’ जावात माणूस भेटला की हेच विचारतात, आपल्याकडच्या ‘जेवलात का?’सारखं. त्या ‘सुदा’ म्हणाल्या तर जेवल्यात. ‘बलूम’ म्हणाल्या तर अजून नाही, तेव्हा केळं घेऊनच जा.